माझ्या अंगावरची आडवी रेघ

मी एक जुना तलाव आहे, मित्रांनो. पण तलाव म्हटल्यावर लगेच कमळं, बदकं आणि काठावरचा बगळा डोळ्यांपुढे आणू नका. मी एका घराच्या मागच्या अंगणातला पोहण्याचा तलाव आहे. लांबीला मोठ्या माणसाची दहा पावलं, रुंदीला पाच. एका टोकाला मी कमरेएवढा आहे आणि दुसऱ्या टोकाला पुरुषभर खोल. बदक माझ्याकडे आजवर एकदाच आलं आणि तेही रबराचं होतं.

ज्यांनी मला बांधून घेतलं त्यांना आता सगळे आजोबा म्हणतात, म्हणून मीही आजोबाच म्हणतो. पण मी जन्मलो तेव्हा त्यांच्या डोक्यावर एकही पांढरा केस नव्हता. माझ्यासाठी खड्डा खणला जात होता तेव्हा ते रोज सकाळी कामावर जाण्याआधी त्यात उतरून उभे राहत आणि वर पाहून बायकोला विचारत, "दिसतोय का गं मी?" ती म्हणायची, "नाक दिसतंय. अजून खणा."

मग लोखंडी सळ्यांची जाळी बसली, तिच्यावर काँक्रीट पडलं आणि सगळ्यांत शेवटी चढला पांढराशुभ्र गिलावा. काँक्रीट म्हणजे माझी हाडं आणि गिलावा म्हणजे माझी कातडी, असं समजा. वरच्या काठाशी निळ्या टाइलांची एक पट्टी लावली. पहिल्यांदा पाणी भरलं तेव्हा आकाश माझ्यात इतकं स्वच्छ उतरलं की मला वाटलं, ते माझंच आहे.

माझे कामाचे दिवस फार आनंदाचे होते. आजोबांची लेक माझ्यातच पोहायला शिकली. ती नाक चिमटीत धरून उडी मारायची आणि वर आल्यावर पहिला प्रश्न विचारायची, "कोणी पाहिलं?" तिच्या मागोमाग गल्लीतली निम्मी मुलं माझ्यात हातपाय मारायला शिकली. आजींना पोहता येत नव्हतं, पण त्या पहिल्या पायरीवर बसून पाण्यात पाय सोडायच्या आणि भाजी निवडायच्या. पाहुणे आले की त्यांना आधी मला दाखवत आणि मगच चहा मिळे. त्या कौतुकाने मी थोडा शेफारलोही होतो. खोटं कशाला सांगू?

पण मुलं मोठी होतात. लेक शिकायला दूर गेली आणि नोकरीनिमित्त तिकडेच राहिली. गल्लीतली मुलंही पांगली. माझ्यात पोहणारं कोणी उरलं नाही, तेव्हा माझ्यावर झाकण म्हणून एक हिरवं कापड आलं. त्या कापडावर पानं साचली. कापडाखाली माझी कातडी खरखरीत झाली आणि जागोजागी तडकली. एकदा एक रंगारी आला. त्याने तडे पाहिले आणि त्यांवर निळा रंग फासला. वर्षभराने त्या रंगाचे पोपडे सुटले, तेव्हा दुसऱ्या रंगाऱ्याने पोपड्यांवरच रंग फासला. बाहेरून मी ठीक दिसत होतो. आतून मात्र रोज थोडा थोडा गळत होतो. शेवटी माझ्यात उरलं ते अर्धंमुर्धं हिरवट पाणी आणि एक बेडूक.

मग एका सकाळी आजोबांचा डावा हात आणि डावा पाय त्यांचं ऐकेनासे झाले.

ते दवाखान्यातून परतले ते चाकांच्या खुर्चीत. लेक सुट्टी काढून आली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पायात ताकद आहे, पण पडण्याच्या भीतीने ते पाऊल उचलत नाहीत. त्यांना पाण्यात चालवा. पाण्यात अंगाचं ओझं हलकं होतं आणि पडलं तरी लागत नाही. काठीच्या आधाराने घरातल्या घरात चालायचं ठरलं होतं, पण आजोबा काठी खुर्चीच्या हाताला अडकवत आणि दिवसभर मागच्या ओसरीत बसून राहत. बोलणंही त्यांनी कमी केलं होतं.

त्याच ओसरीच्या पायरीवर एक दिवस मायलेकींची जुंपली, आणि वाद माझ्यावरून होता.

"आई, हा बुजवून टाकू. माती भरू आणि वर फरशी बसवू. बाबांची खुर्ची थेट बागेपर्यंत जाईल."

"खुर्ची जाईल गं. बाबांचं काय?"

"म्हणजे?"

"डॉक्टर पाण्यात चालवा म्हणाले. फरशीवर खुर्ची ढकला असं नाही म्हणाले."

"या पाण्यात? यात बेडूकसुद्धा नाइलाजाने राहतो!"

मला वाईट वाटलं, पण लेकीचं चुकत नव्हतं. तिलाही बापासाठीच काहीतरी करायचं होतं. दोघीही आजोबांसाठीच भांडत होत्या, आणि आजोबा चार हातांवर बसून सगळं ऐकत होते. त्यांना मात्र दोघींपैकी एकीनेही काही विचारलं नाही.

शेवटी आजींनी एका म्हाताऱ्या गवंडीबाबांना बोलावलं. त्यांच्याबरोबर त्यांचा मेहुणा होता. तो पन्नाशीचा, गोल पोटाचा आणि अखंड बोलणारा माणूस होता. मला वाटलं, आल्या आल्या छिन्नी चालवतील. पण गवंडीबाबांनी आधी मला साफ केलं, पाण्याने भरलं आणि लेकीकडे एक बादली मागितली.

लेक म्हणाली, "गवंडीबाबा, पाणी उन्हाने आटत असेल. एवढ्यासाठी कशाला खटाटोप?"

"ताई, तेच तर बघायचंय. ऊन बादलीतलंही पिणार आणि तलावातलंही पिणार. ते कोणाला कमीजास्त करत नाही."

त्यांनी बादली काठोकाठ भरून माझ्या वरच्या पायरीवर ठेवली. बादलीतल्या पाण्याशी एक खूण केली आणि माझ्या पाण्याशी एक. दोन दिवसांनी येऊन त्यांनी बोटाने मोजलं. बादलीतलं पाणी अर्धं बोट उतरलं होतं आणि माझ्यातलं चार बोटं.

"अर्धं बोट ऊन प्यालं. मग उरलेली साडेतीन बोटं कोण प्यालं?"

मेहुणा लगेच म्हणाला, "दाजी, मी नाही प्यालो. मला चहा लागतो."

मग गवंडीबाबांनी एका बारीक नळीतून रंगीत पाणी थेंबाथेंबाने माझ्या भिंतीजवळ सोडलं. रंग जागच्या जागी तरंगत राहिला. पण जिथे पाणी आत येण्याचा पाइप माझ्या भिंतीत शिरतो, तिथे सोडलेला रंग दोऱ्यासारखा लांब झाला आणि फटीत ओढला गेला. इतकी वर्षं मी कुठून गळतो हे मला स्वतःलाही माहीत नव्हतं!

"फट बुजवता येईल," गवंडीबाबा म्हणाले. "पण ही कातडी उतरवावी लागेल. नवीन गिलावा करावा लागेल."

लेकीने बादलीतली खूण आणि माझी खूण पुन्हा एकदा पाहिली. मग म्हणाली, "ठीक आहे. पण हे शेवटचं. यानंतर उन्हापेक्षा एक बोट जरी पाणी जास्त गेलं, तरी मी मातीची गाडी बोलावणार. बाबांना असं ओसरीत बसवून ठेवून मी परत जाऊ शकत नाही."

मित्रांनो, आता तुम्हाला कळलं असेल की माझा जीव कशावर टांगला होता. आणि नुसता माझाच नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला उपसलं. उपसताना गवंडीबाबांनी माझ्या तळाचं एक छोटं बूच आठवणीने उघडलं. का, ते सांगतो. जमिनीखालीही पाणी असतं. तलाव भरलेला असला की त्याच्या वजनापुढे त्या पाण्याचं काही चालत नाही. पण तलाव रिकामा झाला की खालचं पाणी त्याला होडीसारखं वर उचलू पाहतं, आणि अख्खा तलाव तडकू शकतो. बूच उघडलं की ते पाणी मुकाट्याने आत येतं आणि उपसून टाकता येतं.

मग गवंडीबाबा हातोडीच्या दांड्याने माझं अंग ठोकत फिरले आणि कान देऊन ऐकत राहिले. जिथे कातडी घट्ट होती तिथे 'टण' वाजलं. जिथे आत पोकळी होती तिथे 'बद्द' वाजलं. सगळ्यांत मोठा 'बद्द' आवाज त्या निळ्या रंगाखालून आला. जिथे जिथे 'बद्द' वाजलं तो भाग मेहुण्याने खडूने रंगवला. संध्याकाळपर्यंत माझ्या अंगावर इतका खडू होता की आजी म्हणाल्या, "याच्यात चांगली जागा कुठे आहे तेवढीच दाखवायची होती. खडू वाचला असता."

छिन्नीने दुखलं का? दुखलं. पाच दिवस ठोकाठोक चालली. पण ज्या पोकळ्या मी रंगाखाली लपवून बसलो होतो त्या उघड्या पडल्या, तेव्हा मला हलकंही वाटलं. पाइपाच्या तोंडाची फट मेहुण्याने खरवडून मोठी केली आणि मग घट्ट भरली. हे करताना तो पहिल्यांदाच गप्प होता.

नवीन गिलाव्याच्या दिवशी दोघांनी तळाला खिळे असलेल्या चपला घातल्या, म्हणजे ओल्या गिलाव्यावर पाय रुतत नाहीत. एकाची थापी गिलावा चढवत चालायची आणि दुसऱ्याचा गुरमाळा पाठोपाठ सगळं गुळगुळीत करत जायचा. गिलावा एका दमात पुरा व्हावा लागतो, म्हणून त्यांनी जेवणसुद्धा आळीपाळीने काठावर उकिडवं बसून उरकलं. काम संपलं तेव्हा मी पुन्हा पांढराशुभ्र झालो होतो.

निघताना गवंडीबाबांनी बजावून सांगितलं, "उद्या सकाळी पाणी सुरू करतो. एकदा सुरू केलं की निळ्या टाइलांना लागेपर्यंत थांबवायचं नाही. मध्येच थांबलं तर जिथे थांबलं तिथे रेघ उठते आणि ती काही केल्या जात नाही. संध्याकाळपर्यंत भरेल." हे त्यांनी आजींना सांगितलं, लेकीला सांगितलं, कुंपणापलीकडून डोकावणाऱ्या शेजारीणबाईंनाही सांगितलं.

आजोबा तेव्हा आत झोपले होते. उठल्यावर त्यांना कोणी काही सांगितलं नाही. आजारपणापासून त्यांना घरातलं काही सांगायची पद्धतच राहिली नव्हती. त्यांना औषधं वेळेवर मिळत, जेवण गरम मिळे, उशी मऊ मिळे. बातमी तेवढी मिळत नसे.

सकाळी पाणी सुरू झालं. नळीच्या तोंडाला फडकं बांधलं होतं, म्हणजे धारेने माझी कोवळी कातडी उकरली जाऊ नये. गवंडीबाबा आणि मेहुणा दुसऱ्या कामावर गेले. दुपारी लेक औषधं आणायला बाहेर पडली. आजी झाडाखाली खुर्ची टाकून पहाऱ्याला बसल्या, आणि बसल्या बसल्याच त्यांचा डोळा लागला. कित्येक आठवड्यांची झोप राहिली होती त्यांची.

आता आजोबांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्यांची सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेली होती. गळके नळ शोधायचे आणि बंद करायचे, हेच त्यांचं काम. दात घासताना घरात कोणी नळ सोडून ठेवला, तर दुसऱ्या खोलीतून आवाज यायचा, "कोणाचा नळ वाहतोय?" वाहत्या नळाचा आवाज त्यांना सहनच होत नसे.

त्या दुपारी ओसरीत बसून त्यांनी तो आवाज ऐकला. नळी जिथे नळाला जोडली होती तिथून पाणी गळत होतं आणि त्याचा एक ओघळ अंगणभर पसरला होता. ओसरीतून त्यांना मी आतून दिसत नव्हतो. फक्त ओलं अंगण दिसत होतं. त्यांना वाटलं, तलाव भरून वाहायला लागला आणि सगळे झोपले.

"कोणाचा नळ वाहतोय?" ते म्हणाले. आवाज बारीक होता. कोणी ओ दिली नाही.

मग मी पाहिलं, आजोबा उठले.

काठी खुर्चीलाच राहिली. उजव्या हाताने त्यांनी भिंत धरली. उजवं पाऊल पडलं, मग डावं घासत पुढे आलं. टप, खर्र. टप, खर्र. भिंत संपली. एक खांब आला, तो धरला. खांबापासून नळापर्यंत दहा-बारा पावलं होती आणि त्यांत धरायला काहीच नव्हतं. वाट माझ्या काठावरून जात होती आणि फरशी ओली होती. मी जेमतेम अर्धा भरलो होतो. ते आत पडले असते तर... मित्रांनो, ओरडता येत नाही याचं दुःख मला तेव्हा कळलं.

मधोमध ते थांबले. अंग डावीकडे झुकलं. मग नळाकडे पाहून ते रागाने काहीतरी पुटपुटले, आणि त्या रागातच उरलेली पावलं पार झाली! नळ घट्ट होता. उजव्या हाताने फिरेना, तेव्हा त्यांनी डावा हातही वर ठेवला. पाणी थांबलं.

परत फिरायची मात्र त्यांच्यात ताकद उरली नव्हती. नळाशेजारच्या बुटक्या कट्ट्यावर ते टेकले. समोर आजी तोंड उघडं टाकून झोपल्या होत्या. हाक मारावी म्हणून त्यांनी ओठ हलवले, आणि मग तसेच मिटले. त्यांनी आजींना झोपू दिलं. दोन तास.

"अगं बाई! पाणी का थांबलं?" आजी दचकून उठल्या आणि धावतच नळापाशी आल्या. "अहो, नळ कोणी बंद केला?"

"मी."

"तुम्ही? अहो, मध्ये थांबवायचं नाही म्हणून गवंड्याने दहा वेळा बजावलं होतं. रेघ उठणार आता!"

"मला कोणी सांगितलं?"

 आजींनी आधी नळ सोडला. तेवढ्यात फाटक वाजलं आणि औषधांची पिशवी घेऊन लेक आत आली.

"आई, बाबांना इथे कोणी आणलं?"

"कोणी म्हणजे..." आजींचं वाक्य अर्धवटच राहिलं. दोघींनी एकदम वळून ओसरीकडे पाहिलं. खुर्ची तिथेच होती. काठी तिच्या हाताला लोंबकळत होती.

"बाबा, तुम्ही चालत आलात?"

"मग काय उडत येणार? नळ वाहत होता."

लेक तिथेच ओल्या फरशीवर खाली बसली. ती हसत होती की रडत होती, ते मला नीट दिसलं नाही. आजी मात्र तोंडाला पदर लावून एवढंच म्हणत राहिल्या, "झोपले कशी मी? झोपले कशी?"

संध्याकाळी गवंडीबाबा आले. वर चढलेल्या पाण्यातूनही त्यांना ती दिसली. उथळ बाजूला गुडघ्याएवढ्या उंचीवर, माझ्या चारी भिंतींवरून फिरलेली करडी आडवी रेघ.

"वहिनी, एकच गोष्ट सांगितली होती मी," ते कपाळाला हात लावून म्हणाले. मग आजींनी त्यांना सगळी हकिगत सांगितली. ते थोडा वेळ आजोबांच्या पायांकडे पाहत राहिले. "तरी पाणी काढून घासून बघतो. पुसट होईल. काम माझं आहे. अशी रेघ ठेवून गेलो तर लोक काय म्हणतील?"

"रेघ राहू दे," लेक म्हणाली. मला बुजवायला निघालेली तीच लेक! "तिला कोणी हात लावायचा नाही."

मेहुणा म्हणाला, "दाजी, आपली चूक जपून ठेवणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय."

"आपली कुठे? साहेबांची आहे," गवंडीबाबा आजोबांकडे पाहत म्हणाले.

"माझीही नाही," आजोबा कट्ट्यावरून म्हणाले. "न सांगणाऱ्यांची आहे."

त्या दिवसापासून त्यांना सगळं सांगितलं जाऊ लागलं, आणि मग ते कोणाला सोडेनात. नव्या गिलाव्याची भुकटी सुटते, म्हणून पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ माझं अंग लांब दांड्याच्या ब्रशने घासावं लागतं. लेक घासायची आणि आजोबा काठावरून सूचना द्यायचे. "तो कोपरा राहिला." "राहिला नाही बाबा, तिथे सावली आहे." "सावली असली तरी घास." पुढे बादलीची परीक्षा पुन्हा झाली. या वेळी बोट बुडवून मोजायला आजोबा स्वतः काठी टेकत आले. बादलीतलं अर्धं बोट उतरलं होतं. माझ्या खुणेशी त्यांनी तीनदा बोट लावलं. माझ्यातलंही अर्धंच! मातीची गाडी आली नाही.

आणि मग ते माझ्यात उतरले. एका बाजूला कठडा होता आणि दुसऱ्या बाजूला लेक. पहिल्या पायरीवर त्यांचा पाय थरथरत होता. शेवटची पायरी उतरल्यावर पाण्याने त्यांचं ओझं उचललं आणि ती थरथर थांबली. मी कितीतरी मुलांना उचलून धरलं होतं. पण मला बांधणाऱ्या माणसाचं वजन मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट तोललं. दहा पावलं टाकून झाल्यावर ते लेकीला म्हणाले, "हात सोड." तिने सोडला, पण अगदी जवळ राहिली.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी टाकी असेल, गळकी भिंत असेल, कुरकुरणारं दार असेल, तर तिच्या तड्यावर नुसता रंग फासू नका. जरा ठोकून पाहा, कान देऊन ऐका. आणि घरात कोणी गप्प बसून राहिलं असेल, तर त्याला जेवण आणि उशी द्याच, पण आज घरात काय काम चाललं आहे तेही सांगा. त्याला विचारा. तेवढ्याने सगळं दुरुस्त होईल असं मी म्हणत नाही. आजोबांचं डावं पाऊल अजून घासतंच. पण ते पुढे पडतं.

बरं, आता मला गप्प बसायला हवं. आजोबा पायऱ्या उतरत आहेत, आणि पाणी हलायला लागलं की माझं सगळं लक्ष त्यांच्या पायांकडे असतं.